हापशावरची बंदूक आणि आमचे मामंजी

सुईला भिणारा आणि बंदुकीला न भिणारा माणूस उभ्या मराठवाड्यात एकच झाला, आणि तो नेमका माझा सासरा निघाला. सासरा म्हणून देवमाणूस, यात वाद नाही. मी लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगून टाकलं की या घरात डोक्यावरचा पदर पडला तर उचलायची घाई करायची नाही, फक्त चुलीपासून तो लांब ठेवायचा. असा सासरा मिळायला मागच्या जन्मी काहीतरी पुण्य लागतं. पण मागच्या जन्मी मी थोडं पापही केलेलं असणार, कारण ज्या शाळेत मामंजी क्लार्क होते त्याच शाळेत मला शिक्षिकेची नोकरी लागली. आमचं गाव निलंग्याच्या पुढं, एसटीनं पाऊण तास. आणखी चार गावं ओलांडली की कर्नाटक लागतं. बाजारात निम्मी माणसं कानडीत भाव करतात आणि मराठीत भांडतात. माझे यजमान लातूरच्या एका डाळमिलमध्ये कामाला होते आणि रविवारी घरी यायचे, त्यामुळे सोमवार ते शनिवार मामंजींच्या वाटणीला मी आणि माझ्या वाटणीला मामंजी.

लातूर नवा जिल्हा झाला त्या दिवसांतली ही गोष्ट. तोवर आमच्या शाळेचा कागद उस्मानाबादला जायचा, तिथं निवांत झोपायचा आणि शाळाही इकडं निवांत असायची. लातूरचं ऑफिस नवं. भिंतींचा रंग ओला, शिक्के कोरे, साहेब हौशी. आठवड्याला एक परिपत्रक यायला लागलं. झाडं लावा, नखं कापा, पटावरच्या मुलींची उंची कळवा. हेडमास्तर परिपत्रक वाचायचे नाहीत, नुसतं हुंगायचे आणि म्हणायचे, लावा फाईलला. त्यातच एके दिवशी आलं की शैक्षणिक संस्थेच्या आवारात कोणतंही शस्त्र किंवा अग्निशस्त्र आणण्यास आणि बाळगण्यास सक्त मनाई आहे. खाली लिहिलं होतं, अंमलबजावणीची जबाबदारी कार्यालयीन कर्मचाऱ्यांची राहील. आता आमच्या शाळेत कार्यालयीन कर्मचारी म्हणजे एकटे मामंजी. एवढा मोठा नवा जिल्हा झाला आणि त्यानं पहिल्याच वर्षी आपल्याला आठवणीनं पत्र लिहिलं, असंच त्यांना वाटलं. तीनदा वाचलं त्यांनी ते. मग हेडमास्तरांकडे गेले. हेडमास्तर म्हणाले, आपल्या शाळेत कुठली आलीत शस्त्रं, लावा फाईलला. मामंजी म्हणाले, "सर, शस्त्र कशाला म्हनायचं ते यात लिवलं न्हाई. म्हंजे ते आपल्यालाच ठरवावं लागतंय." हेडमास्तरांनी मान हलवली. त्या एका मान हलवण्यानं पुढची दोन वर्षं शाळेचं जगणं अवघड झालं.

मामंजींनी ठरवलं की ज्यानं दुसऱ्याला इजा होईल ते शस्त्र. फाटकात त्यांनी चुन्याची एक जाड रेघ मारून घेतली. रेघेच्या बाहेर तुम्ही तलवार घेऊन नाचा, मामंजी कौतुकानं बघत उभे राहतील. आत यायचं तर जमा करून यायचं. एक जुनी लोखंडी पेटी, एक रजिस्टर आणि शाळेचा गोल शिक्का एवढ्या भांडवलावर त्यांनी खातं उघडलं. पोरांच्या गलोली गेल्या, भोवऱ्याच्या आऱ्या गेल्या, कंपासपेटीतली कर्कटकं गेली. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी आणि प्रत्येक पोराला शिक्का मारलेली पावती. भूमितीच्या सरांना वर्तुळ काढून दाखवायचं असलं की त्यांनी अर्ज करायचा. पोराला भेटायला आलेल्या आजीच्या कनवटीचा अडकित्ता जमा झाला तेव्हा आजीनं त्यांना शिव्या घातल्या, आणि त्या शिव्या संपेपर्यंत थांबून मामंजींनी तिला पावती दिली.

शिवणकाम माझ्याकडं होतं. सुया मोजून न्यायच्या आणि मोजून परत करायच्या. एका शनिवारी एक सुई कमी भरली. मामंजींनी शाळा सुटूच दिली नाही. मुलींनी जमीन चाचपली, पाट्या झटकल्या, मी रडकुंडीला आले. शेवटी सुई सापडली ती खुद्द मामंजींच्या धोतराच्या काठात. एखादा ओशाळला असता. मामंजींनी रजिस्टर उघडलं, स्वतःच्या नावावर सुई जमा केली आणि स्वतःला पावती दिली. तीच गत हेडमास्तरांची. दर शनिवारी नाभिक शाळेच्या ओट्यावर येऊन त्यांची दाढी करायचा, हा पिढ्यांचा रिवाज. मामंजींनी साबण आणि ब्रश आत सोडला आणि वस्तरा रेघेवर अडवला. हेडमास्तर तोंडाला फेस लावून फाटकाबाहेर दगडावर जाऊन बसले, आणि अर्ध्या गावानं बाजाराला जाता जाता त्यांना नमस्कार केला.

पण कळस झाला तो उन्हाळ्याच्या सुट्टीत. आमच्याकडं लग्नसराईत जानवसा शाळेतच असतो. वऱ्हाड वाजतगाजत आलं, नवरदेव घोड्यावरनं उतरला, हातात लिंबू खोचलेली कट्यार. मामंजी रेघेवर उभे. वराचा बाप म्हणाला, अहो, हळद लागलेल्या पोराच्या हातातली कट्यार काढतात का कुठं, बाहेरची बाधा झाली तर? मामंजींनी विचार केला. भुताखेताला ते अजिबात कमी लेखत नसत. ऑफिसात जाऊन ते एक लाकडी फूटपट्टी घेऊन आले, तिच्या टोकाला तेच लिंबू खोचलं, नवरदेवाच्या हातात दिली आणि कट्यारीची पावती त्याच्या बापाच्या खिशात घातली. त्या लग्नाच्या फोटोत नवरदेव फूटपट्टी धरून उभा आहे. पुढं त्याला चार पोरं झाली आणि चारही गणितात हुशार निघाली, असं मामंजी सांगायचे. मी काही ती मोजायला गेले नाही.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, आणि आम्ही नेतही होतो. मग त्या वर्षी पाऊस आला नाही. म्हणजे आला, ढेकळं ओली करून गेला. दिवाळीला विहिरी तळाला गेल्या, संक्रांतीला आटल्या. फेब्रुवारीत गावात पाणी देणारी एकच जागा उरली, आमच्या शाळेच्या आवारातला हापसा. पहाटेपासून घागरींची रांग लागायची ती वर्गांच्या खिडक्यांखालून थेट फाटकाबाहेर. दांडा खाली-वर होण्याचा आवाज दिवसभर. वीस हिसके मारावेत तेव्हा धार लागायची. बाया भांडायच्या, घागरी एकमेकींच्या अंगावर आपटायच्या, आणि मी आत चौथीच्या पोरांना पावसाचे ढग कसे तयार होतात ते शिकवायची.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष होते, त्यांना सगळा गाव मालक म्हणायचा. शाळेची जागा त्यांनी दिलेली, हापसाही त्यांच्या खटपटीनं झालेला. माणूस सभ्य, कधी आवाज चढवायचा नाही. आवाज चढवायची त्यांना गरजच पडत नसे. भांडणं होतात म्हणून त्यांनी हापशावर राखणीला आपला माणूस बसवला, हातात त्यांची लायसनची दुनळी बंदूक देऊन. भांडणं थांबावीत हे खरं. पण त्या बंदुकीच्या जोरावर मालकांच्या घरच्या पंचवीस घागरी आधी भरायच्या, आणि मग उरलेल्या गावाची रांग सुरू व्हायची. राखणीला बसलेले म्हातारे चाचा तीन पिढ्या त्यांच्याकडे चाकरीला. जन्मभर त्यांनी ती बंदूक ज्वारीवरची पाखरं उठवायला वापरली होती. बाया समोर आल्या की ते बिचारे नजर खाली घालायचे.

मामंजी पहिल्याच दिवशी हेडमास्तरांकडे परिपत्रक घेऊन गेले. हेडमास्तरांना दरदरून घाम फुटला. म्हणाले, अहो, बंदूक कुणाची आहे? मामंजी म्हणाले, परिपत्रकात कुणाची ते विचारलेलं नाही. त्या संध्याकाळी मी घरी मामंजींना हात जोडले. कारण तुम्हाला सांगते, माझं सगळं घोडं त्याच मालकांच्या टेबलावर अडलं होतं. तीन वर्षं मी तात्पुरती होते. दर एप्रिलला नोकरी जायची, दर जूनला परत मिळायची, आणि मधले दोन महिने मी देवाला धारेवर धरायची. त्या वर्षी कायम करायच्या शिक्षकांचा प्रस्ताव लातूरला जायचा होता, आणि त्यावर मालकांची सही लागत होती. यावर्षी नाही तर पुन्हा नाही, जागाच उरत नव्हती. यजमानांची डाळमिल तर तुरीअभावी आठवड्यातून तीन दिवस बंद. मी मामंजींना म्हटलं, दोन महिने डोळे मिटा, बंदूक काही कुणाला खात नाही. सासूबाई म्हणाल्या, यांना सांगणं म्हंजे पालथ्या घड्यावर पाणी, आणि तेवढं पाणी तरी कुठाय. आठ दिवस मामंजींनी खरंच डोळे मिटले. मला वाटलं, सुटले.

नवव्या दिवशी दुपारी मी चौथीला भागाकार देत होते. खिडकीबाहेर गलका झाला. मालकांच्या घरची बाई मधेच घागर लावायला आली होती आणि कुंभारगल्लीतल्या एका पोरसवदा सुनेनं दांडा धरून ठेवला होता. ती सोडेना. चाचा सोड म्हणाले, ती सोडेना. घाबरलेला माणूस काय करतो? त्यांनी बंदूक उचलली आणि तिचा घोडा ओढला. कट्ट असा एवढासा आवाज झाला. बार झाला नाही, काही झालं नाही. पण तो आवाज ऐकला आणि हापसा थांबला, गलका थांबला, माझ्या वर्गातल्या पेन्सिली थांबल्या. पुढच्या बाकावरची एक मुलगी बाकाखाली शिरली. मी म्हटलं, काही नाही झालं, ये वर. ती आली नाही. शाळा सुटेपर्यंत ती खालीच बसून होती, आणि तिथंच तिनं भागाकार सोडवले. सगळे बरोबर होते.

मी खिडकीतून पाहिलं तर मामंजी रजिस्टर काखेत मारून हापशाकडे चालले होते, पोस्टात पत्र टाकायला निघावं तसे. ते चाचांच्या समोर उभे राहिले. नळ्या त्यांच्या पोटाशी. त्यांनी शाईचं पेन काढलं, पावती लिहिली, एक नग दुनळी बंदूक, शाळेची वेळ संपल्यावर रेघेबाहेर परत, तिच्यावर गोल शिक्का मारला, फुंकर घालून वाळवला आणि पुढं केली. आणि इथं जे झालं ते आमच्याच मुलुखात होऊ शकतं. चाचा निजामाच्या अमलातले. अक्षर त्यांना येत नव्हतं, पण शिक्का येत होता. शिक्क्याच्या कागदानं माणसाची जमीन जाते, शिक्क्याच्या कागदानं परत मिळते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. त्या कागदापुढं बंदूक म्हणजे काठी. त्यांनी विचारलं, "सरकारी हाय?" मामंजी म्हणाले, "जिल्ह्याचा हुकूम हाय, चाचा." चाचांनी दोन्ही काडतुसं काढून दिली, त्यांची वेगळी पावती घेतली, आणि सुटल्यासारखा मोठा श्वास सोडला. मामंजींनी बंदूक बाळंतिणीचं बाळ आणावं तशी दोन्ही हातांवर आडवी धरून ऑफिसात आणली आणि परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

चाचा उठून गेले नाहीत. त्यांचा समज झाला की आता बंदुकीच्या जागी आपल्याला हा कागद दिलाय, आणि याच्याच जोरावर राखण करायची. त्यांनी पावती छातीवर टाचणीनं लावली आणि हापशाशेजारी ताठ बसले. टाचणी रेघेच्या आत कशी आली हे मामंजींनी त्या दिवशी विचारलं नाही, यावरून त्यांच्या मनाची स्थिती ओळखा. आणि गंमत अशी की बायांनाही तो कागद रेशनिंगचा हुकूम वाटला. बंदुकीनं जी रांग लागत नव्हती ती पावतीनं लागली. मालकांच्या घरची बाईही मुकाट मागं जाऊन उभी राहिली. पाच वाजले, शाळा सुटली, पण बंदूक न्यायला कोणी आलं नाही. चाचा पावती लावूनच घरी गेले. मालक निलंग्याला गेलेले, उद्या दुपारी येणार होते.

मी त्या संध्याकाळी किती बोलले ते आता आठवलं की लाज वाटते. मी म्हटलं, तुम्हाला तुमचं रजिस्टर प्यारं आहे, घरातलं माणूस नाही. म्हटलं, आ बैल मुझे मार करायचं तर स्वतःच्या जिवावर करावं, सुनेच्या नाही. मामंजी ऐकत बसले. सकाळी मी भाकरी थापत होते तर ते आले आणि परातीशेजारी कपाटाची किल्ली ठेवली.

"ही तू ठिव."

मी म्हटलं, मी? मी तर रात्रभर सांगतेय की देऊन टाका.

"म्हनूनच," मामंजी म्हणाले. "माझ्याजवळ ऱ्हायली तर तुझ्या तोंडाकडं बघून मी देऊन बसंन. तुझ्याजवळ ऱ्हायली तर तू देनार न्हाईस."

हा कुठला न्याय? मी पीठ भरल्या हातानं बघत राहिले आणि ते निघूनही गेले. मला इतका राग आला की मी किल्ली चुलीत टाकणार होते. टाकली नाही. कमरेला खोचली, आणि शाळेत जाईपर्यंत ती मला टोचत राहिली.

दोन वाजता मालकांची जीप आली. त्यांच्याबरोबर दोन माणसं. हापसा बंद पडला, पाणी आटून नाही, बायांनी दांडा सोडला म्हणून. मालक ऑफिसच्या दारात उभे राहिले. हेडमास्तर खुर्चीतून उठले ते भिंतीला जाऊन टेकले. सगळे वर्ग खिडक्यांना लागले होते. मी माझा वर्ग सोडून ओट्यावर आले, का आले मला माहीत नाही.

"क्लार्क, काय करायलात तुम्ही?" मालक हळूच म्हणाले. "ही शाळा कुनाची हाय?"

"तुमची, मालक."

"हापसा?"

"तुमचाच."

"मंग बंदूक?"

"बंदूक बी तुमचीच," मामंजी म्हणाले. "फकत ती आत असू नये. पाच वाजता रेघेच्या भाईर तुमच्या हातात देतो. पोरांच्या खिडकीखाली घोडा वढला मालक काल. तहानेल्या मान्साच्या हातात तसली वस्तू चांगली न्हाई. आज चाचा होते. उद्या कोन आसंल काय ठावं?"

मालकांनी किल्ली मागितली. मामंजी म्हणाले, माझ्याजवळ नाही. बरोबरच्या दोघांपैकी एकजण कपाटाकडे सरकला. मामंजी पाठ लावून कपाटापुढे उभे राहिले. पासष्ट इंची माणूस, छातीचा पिंजरा, वर कपाळाला भस्म. तो माणूस त्यांना नुसता उचलून बाजूला ठेवू शकला असता. आणि तो ते करणार होता. मला दिसत होतं की पुढच्या क्षणी म्हाताऱ्याच्या अंगाला हात लागणार.

"किल्ली माझ्याकडं आहे," मी म्हणाले.

मालक वळले. त्यांनी मला नीट पाहिलं. त्यांना बरं वाटलं असावं, कारण ते हसले. म्हणाले, "बाई, बरं झालं. तुम्ही शिकलेल्या आहात. तुमचा कागद माझ्या टेबलावर हाय. उद्या लातूरला पाठवायचा हाय." एवढंच. धमकी नाही, काही नाही.

दुष्काळानं तोंडचं पाणी आधीच पळालेलं. तीन वर्षं डोळ्यांपुढून गेली, यजमान दिसले, मिटलेली डाळमिल दिसली. मामंजी माझ्याकडं बघत नव्हते. मुद्दाम बघत नव्हते. छताकडं बघत होते. त्या क्षणी मी किल्ली दिली असती तर त्यांनी मला जन्मात बोल लावला नसता, हे मला पक्कं माहीत होतं. तेच अवघड होतं. आणि मागं खिडकीत माझी चौथी उभी होती. सगळी होती, एक मुलगी नव्हती. ती कुठं बसली असणार ते मला न बघता कळलं.

मी म्हटलं, "पाच वाजता मिळेल, मालक. रेघेच्या बाहेर."

मालकांनी घड्याळ बघितलं. मला वाटलं आता कुलूप फुटेल. पण ओट्याखाली चाळीस-पन्नास बाया घागरी खाली ठेवून उभ्या होत्या. मालकांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मग हेडमास्तरांची खुर्ची ओढली आणि बसले. बंदुकीशिवाय गावातून परत जाणं त्यांना शक्य नव्हतं. म्हणून ते तीन तास बसले. हेडमास्तर भिंतीला तीन तास उभे. मामंजींनी मधल्या वेळात मालकांना पाणी विचारलं आणि स्वतःचं टपालाचं काम करत बसले. मी वर्गावर गेले आणि काय शिकवलं ते मला आजतागायत आठवत नाही.

पाचची घंटा झाली. मी कपाट उघडलं. मामंजी बंदूक दोन हातांवर घेऊन रेघेबाहेर गेले आणि मालकांना म्हणाले, पावती. पावती चाचांच्या छातीवर. चाचा सोडेनात. म्हणाले, मालक, रसीद दिली तर माझ्याजवळ काय ऱ्हाईल? मालकांनी जन्मात पहिल्यांदा आपल्या चाकराला विनंती केलेली गावानं पाहिली. शेवटी मामंजींनीच तोड काढली. सदर इसमाकडून पावती जमा झाली, अशी चाचांना दुसरी पावती दिली, शिक्क्यासकट. मालकांनी रजिस्टरात सही केली आणि जीप गेली. बंदूक पुन्हा फाटकातून आत आली नाही. चाचा मात्र दुसरा कागद छातीला लावून पाऊस पडेपर्यंत हापशावर बसले, आणि मालकांच्या घरच्या घागरी रांगेतच राहिल्या.

प्रस्ताव लातूरला गेला. त्यात माझं नाव नव्हतं. पुढं दोन वर्षांनी मला लातुरात दुसरी नोकरी मिळाली, संसार मार्गी लागला, ते सगळं झालं. ती दोन वर्षं कशी गेली ते मी कुणाला सांगत नाही. आता मामंजी जाऊन बराच काळ लोटला. शाळा-कॉलेजाच्या फाटकावर शस्त्रबंदीची पाटी दिसली की लोक तिच्याकडं न बघता आत जातात, आणि मी थांबते. मला आठवतो तो त्या वर्षीच्या एप्रिलचा शेवटचा दिवस.

शाळेतून मला या वेळी कायमचं कामावरून कमी केल्याचा हुकूम निघायचा होता, आणि तो लिहिणारा, नोंदवणारा आणि बजावणारा शाळेत एकच माणूस. संध्याकाळी मामंजी आले ते घरात शिरले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहिले, डोक्यावर टोपी, काखेत टपालवही. मला म्हणाले, "बाई, आपलं टपाल हाय. हितं सही करा." मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. ते वहीकडं बघत होते. मी सही केली. त्यांनी कागद दिला, नेहमीच्या त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात, एक खाडाखोड नाही. नमस्कार केला आणि आल्या वाटेनं निघून गेले. मी कागद हातात घेऊन तिथंच खाली बसले.

गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन ते परत आले. या वेळी टोपी काढून हातात घेतली होती. चपला काढल्या, पाय झटकले, आत आले, माझ्यासमोर जमिनीवर बसले.

"सूनबाई, काय झालं? अशी का बसलीस?"

मी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. नोकरी गेली ते सांगितलं, क्लार्क दारात येऊन कागद देऊन गेला ते सांगितलं. ते अक्षर न् अक्षर ऐकत राहिले. सासूबाई चुलीशी पाठ करून बसल्या होत्या, त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"लई हलकट हाय तो क्लार्क," मामंजी म्हणाले. "काळीज न्हाई त्याला. घरच्या लेकीला असला कागद द्यायला हात कसा उठला त्याचा?"

"तसं नका म्हणू, मामंजी," मी म्हणाले. "मी तीन वर्षं त्यांच्याबरोबर काम केलंय. माणूस चांगला आहे."

ते बराच वेळ टोपीची घडी घालत आणि उलगडत बसले.

"खरंच म्हनतीस?"

मी म्हटलं, खरंच.